तोंडाचं माप

खालचे सगळे दात गेले तेव्हा महाडच्या डॉक्टरांनी माझ्या जबड्यात स्क्रू बसवले. आता त्यांच्यावर दातांची अखंड कमान बसवायची होती आणि तिचं माप म्हणे कॉम्प्युटरवर घ्यायचं होतं.

डॉक्टरांनी तोंडात कॅमेऱ्याचा दांडा फिरवला. तो तुकड्यातुकड्याने फोटो काढतो आणि जोडत जातो. कमान तयार होऊन आली, पण एका बाजूला बसवली की दुसरीकडे उचलली जायची. पुन्हा माप घेतलं, पुन्हा तेच. "बिनदातांच्या हिरडीवर फोटो जुळवायला खूण सापडत नाही. जोडताना थोडं थोडं चुकत जातं," डॉक्टर म्हणाले. अहो, मग आधी सांगायचं ना! आंबेनळी घाट पावलांनी मोजत निघाल्यासारखं झालं हे, प्रत्येक वळणाला चूक वाढतच जाणार.

घरी पोलादपूरला बायको भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि विचारायची, "आज तरी बसले काय ओ दात?" मी ताट ढकलून द्यायचो.

शेवटी डॉक्टरांनी पुण्याहून दुसरा कॅमेरा मागवला. तो तोंडाबाहेरूनच सगळे स्क्रू एका नजरेत टिपतो. टिपून झाले. सुटलो एकदाचा, म्हणून मी खुर्चीतून उठायला लागलो.

"बसा काका. याला फक्त स्क्रू कळतात. हिरडीसाठी तो दांडा फिरवावाच लागेल."

मी पुन्हा तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी गालावरून ओठांपर्यंत आलं. डॉक्टरांनी ते कापसाने टिपलं आणि म्हणाले, "रडू नका काका. तोंड ओलं झालं की माप चुकतं."