निबंध पुसू न देणाऱ्या शमीम मॅडम

शमीम मॅडमची आणि माझी पहिली भेट अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. त्या ग्रंथपाल होत्या आणि शेतीविषयक ई-नियतकालिकाच्या संपादकही. मी शोधनिबंध घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला आणि माझ्यापुढे मोबाइल ठेवला. "आता हेच घरी काकाले सांगता तसं बोला." प्रत्येक निबंधाखाली लेखकाच्या आवाजातला वऱ्हाडी सारांश असावा, हा त्यांचा नियम. मला घाम फुटला. त्यापेक्षा पीएच.डी. सोपी गेली होती.

कापसानं माणसं मोडत होती, अशी ती वर्षं. आम्ही ढिगानं लिहीत होतो आणि त्यातलं शेतापर्यंत काही जात नव्हतं. मॅडमचा सारा खटाटोप त्यासाठीच होता. सारांश ऐकणाऱ्याचा नंबर नोंदला जाई. पुढे दुरुस्ती झाली की त्याला संदेश जाई. वीज गेली की संकेतस्थळ बंद पडे, परीक्षक उत्तर देत नसत, लेखक मात्र रोज फोन करत. साठी मॅडमची झाली, पण थकलो मी. पुढे त्यांनी मला सहसंपादक करून घेतलं होतं; ते पद सोडतो म्हटलं, की त्या चहा मागवत आणि पुढचा निबंध माझ्याकडे सरकवत.

एकदा बोअरच्या पाण्यावर कपाशी जगवण्याचा निबंध आम्ही छापला. प्रयोग अचलपूरकडे गोड्या पाण्यावर झालेला, शिफारस मात्र सगळ्या वऱ्हाडाला. आमच्यापैकी कोणाच्याच ते ध्यानात आलं नाही. मॅडमचे धाकटे भाऊ रफीकभाई तेल्हाऱ्याला, जिथं बोअरला खारंच पाणी लागतं त्या खारपाणपट्ट्यात शेती करतात. खारं पाणी जमीन खातं, हे त्यांना ठाऊक होतं. पण आपाच्या, थोरल्या बहिणीच्या, अंकात आलंय म्हणजे काही नवं निघालं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी पाणी दिलं आणि वावरावर मिठाचा पांढरा थर चढला.

लेखकमहाशयांनी निबंध गुपचूप काढायला सांगितलं. रफीकभाईही ग्रंथालयात आले. "आपा, काढून टाक ते. गाव हासून राह्यलं मले."

मॅडम म्हणाल्या, "काढलं तर ज्यानं आधीच आयकलं, त्याले कसं समजन? तो पाणी देतच राहीन."

रफीकभाईंनी स्वतःच मोबाइल जवळ ओढला.

निबंध जागेवर राहिला. वर लाल पट्टीत दुरुस्ती आली आणि तिच्याखाली रफीकभाईंचा आवाज: "मी तेल्हाऱ्याचा रफीक. या संपादकबाईचा भाऊ. खाऱ्या पाण्यानं हे करू नोका. मी केलं, माहं वावर गेलं." ऐकलेल्या प्रत्येकाला संदेश गेला. भातकुलीहून एका शेतकऱ्याचा फोन आला; त्याचं खारं पाणी सुरू व्हायचंच होतं, ते त्यानं थांबवलं. फोन ठेवून मॅडम रडल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

त्या लेखकानं पुन्हा आमच्याकडे काही पाठवलं नाही. अंक निघतोच आहे. मॅडम दर ईदला तेल्हाऱ्याला जातात आणि आधी वावरात जाऊन माती हातात घेऊन पाहतात. जमीन सुधारायला अजून पुष्कळ वर्षं लागतील, असं जाणकार सांगतात. मॅडमना तेवढं आयुष्य मिळो, आणि त्या वावरापर्यंत चालत जाण्याइतके पाय धड राहोत.