त्या फोटो काढणाऱ्या माणसाबद्दल

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळ नाही, भावाजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला पाहिजे होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — तेवढं सोपं पडतं, दुसरं काय. मी तसा बडबड्या माणूस. चहाच्या गाड्यावर उभा राहिलो की चार जणांना बोलू देत नाही. पण या एका गोष्टीपाशी आलो की जीभ टाळ्याला चिकटते.

मी कोल्हापूरचा. शिरोलीकडं आमचं छोटं वर्कशॉप आहे, व्हॉल्व्हचे सुटे भाग लेथवर करून देतो. वय चाळिशीपलीकडं. लग्न नाही. का नाही, याची घरात ठरलेली उत्तरं आहेत — पत्रिका जुळंना, धंद्यातनं सवड न्हाई, त्याला कोण पसंतच पडंना. खरं उत्तर अभय होतं.

अभय शिरोळ तालुक्यातला, नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावातला. जैन. म्हणजे आमच्याकडचे जैन — पिढ्यान्‌पिढ्या ऊस लावणारे, म्हशी राखणारे, बांधावरनं आमच्याच बोलीत भांडणारे. बाहेरच्यांना हे कळतच नाही. पुण्याला शिकायला होता तेव्हा जैन म्हटलं की जो तो विचारायचा, तुम्ही गुजराती का? आणि हा असा पेटायचा! "आमचा पणजा हितल्या रानात राबून मेला, आनि मी गुजराती?" गुजरात्यांवर त्याचा काही राग नव्हता हो. आपल्याच मातीत आपल्याला पाहुणा ठरवतात, ते त्याला सोसायचं नाही. हे मला जेवढं माहीत होतं तेवढं दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

आम्ही बरीच वर्षं एकत्र होतो. एकत्र म्हणजे काय — तो राजारामपुरीत भाड्यानं राहायचा, मी घरी. आमच्या घरी तो "मित्र" म्हणून यायचा, आईच्या हातची आमटी भुरकायचा. बाहेरगावी गेलो की हॉटेलात दोन पलंगांची खोली मागायची आणि सकाळी दुसरा पलंग मुद्दाम चुरगाळून ठेवायचा, झाडायला येणाऱ्याला संशय नको म्हणून. हसू नका. ते काम माझं होतं, आणि मी ते मन लावून करायचो.

मग त्याच्या डोक्यात हेलसिंकी शिरलं. तिथं समुद्र गोठतो म्हणे, त्याच्यावरनं चालता येतं. आणि तिथं दोन पुरुष हातात हात घालून गेले तर कोण मान वळवून बघत नाही. "एकदा बघू तर, कसं वाटतं ते," म्हणाला. मी घरी सांगितलं, मशीनचं प्रदर्शन आहे, एकटाच चाललोय. त्यानं घरी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे.

थंडी काय सांगू तुम्हाला. महाबळेश्वरला स्वेटर घालून मिरवणारी माणसं आम्ही. तिथं श्वास घेतला की नाकातले केस कडक व्हायचे. दुपारचा चहा प्यायच्या वेळेला सूर्य मावळायचा. अभयच्या आईचा सूर्यास्तानंतर न जेवायचा नेम; तो म्हणायचा, म्हातारीला हितं आणली तर न्याहारीवरच दिवस काढावा लागंल. हॉटेलातल्या पोरीनं विचारलं, एक बेड की दोन? मी सवयीनं "दोन" म्हणालो. अभयनं माझ्याकडं पाहिलं आणि तिला म्हणाला, "एक." तिनं एकची चावी दिली. झालं. एवढंच. ज्याला मी जन्मभर भ्यालो ते एवढंसंच होतं.

पहिले दिवस फार सुखाचे गेले. सुखाचे म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही. चालताना तो आपला हात माझ्या कोटाच्या खिशात घालायचा, आणि आत माझा हात असायचा. कुणी बघत नव्हतं. मला वेड्यासारखं हसू येत होतं.

आता आमच्या माणसांची एक खोड सांगतो, कारण तिथंच घात झाला. कोल्हापूरचा माणूस जगाच्या पाठीवर कुठंही असू दे, आपली बोली कानावर पडली की त्याला गप्प बसवत नाही. कोण आहे, कुठलं आहे, काही बघत नाही. आधी ओरडतो, मग विचार करतो. आम्ही किनाऱ्याजवळ गोठलेल्या समुद्राकडं बघत उभे होतो आणि पाठीमागनं आवाज आला, "आयला, माझं नाक हाय का गळालं बघ की जरा!"

आणि मी — मीच, दुसऱ्या कुणी नाही — न वळताच ओरडलो, "हाय वो, जाग्यावर हाय!"

वळून बघतो तर एकसारख्या टोप्या घातलेली टूरची माणसं. वीस-पंचवीस तरी असतील, बहुतेक आमच्याच जिल्ह्यातली. एकच गलका झाला. पावणं, गाव कंचं? आडनाव काय? कुणाच्यातलं म्हणायचं? तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं नातं निघेपर्यंत माणूस सोडत नाहीत. निघालंच. त्यात कागलच्या सुमनअक्का होत्या, माझ्या थोरल्या वहिनीची सख्खी मावशी. भावाच्या लग्नात बघितलेल्या. त्यांनी माझ्या गालाला हात लावला, आणि मग शेजारी बघून विचारलं, "आनि ह्ये कोण?"

हात मी खिशातनं कधीच बाहेर काढला होता.

"ह्ये व्हय? न्हाई वो. फोटो काढाय थांबिवलंय त्यास्नी. गुजराती हायत. मराठी येत न्हाई."

बघा, तुम्हीच सांगा — "मित्र" म्हणालो असतो तर काय झालं असतं? काहीसुद्धा नाही. आमच्याकडं दोन गडी गळ्यात गळा घालून रंकाळ्याला चक्कर मारतात, कोण ढुंकून बघतंय? घरी एकटा म्हणून सांगितलं होतं, पण शेवटच्या क्षणी मित्र आला म्हटलं असतं तर त्यावरही पडदा पडला असता. मग? मला वाटलं, माझ्या तोंडावर दिसतंय. ते वेड्यासारखं हसू अजून तोंडावरच होतं. म्हणून मी त्याला इतका लांब ढकलला की नात्याचा संशयच नको. आणि हजार शब्दांतनं नेमका तो शब्द उचलला.

अभयनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. चेष्टा कधी संपते याची माणूस वाट बघतो ना, तसं. मग कळलं त्याला. त्यानं हात पुढं केला, इंग्रजीत म्हणाला, "फोन प्लीज." आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं, मागं सरकला, फोटो काढले. लोक त्याच्यासमोर मराठीत बोलत होते — दिसाय आपल्यातलाच वाटतोय की, एकटाच फिरतोय जणू, बायको सोडून आलाय का काय. तो सगळं ऐकत होता. त्याच्या स्वतःच्या भाषेत. अक्कांनी पिशवीतनं भडंग काढून त्याच्या हातावर ठेवलं, "खा बाबा." "थँक्यू," म्हणाला. उभ्या उभ्या खाल्लं.

मग ती माणसं म्हणाली, चला जेवायला, टूरबरोबर आचारी आणलाय, पिठलं केलंय आज. नको म्हणता आलं असतं. मी अभयला इंग्रजीत "थँक्यू, बाय" म्हणालो आणि त्यांच्यात मिसळून निघून गेलो.

आणि जेवलो. पोटभर. ठेचा मागून घेतला. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते — की ते जेवण मला गोड लागलं. कधी करणार लग्न, विचारलं त्यांनी. बघायचं चाललंय, म्हणालो.

खोलीवर आलो तर तो खिडकीपाशी बसलेला. "पिठलं बरं हुतं?" एवढंच विचारलं. "हुतं," म्हणालो. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. राहिलेले दिवस आम्ही सगळं ठरल्याप्रमाणं बघितलं, आपापले हात आपापल्या खिशात घालून.

तो फोटो वहिनीच्या फोनवर आला. आईनं मोठा करून हॉलमध्ये लावला. पुढं अभय घरी आला तेव्हा कौतुकानं त्याला दाखवला, म्हणाली, कुणी गुजराती माणसानं काढलाय बघ. "चांगला काढलाय काकू," म्हणाला. चहा पिऊन गेला. परत आमच्या घरी आला नाही.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. इथवरची गोष्ट मी मनातल्या मनात पुष्कळदा उगाळलीय. इथवर निदान म्हणता येतं — अचानक झालं, घाबरलो, तोंडातनं निघून गेलं. पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. सांगू की नको? आता आलोय इथवर, तर सांगतो.

काही महिन्यांनी कामासाठी कागलला गेलो होतो. वहिनीनं मावशीला द्यायला काही सामान दिलं होतं. घरात सुमनअक्का एकट्याच, लसूण सोलत बसलेल्या. चहा झाला. मी उठायच्या बेतात, आणि बाई मान वर न करता म्हणाल्या, "त्यो फोटू काढनारा गुजराती न्हवता."

मी परत खाली बसलो.

"मी म्हनलं, बाबा मागं बर्फ निसरडा हाय, जरा बाजूला हो. तर झाला की बाजूला. मराठी येत न्हाई तर कळलं कसं?" लसणीची टरफलं फुंकली त्यांनी. "तुजाच मानूस हुता न्हवं? माजं वय झालंय, डोळं न्हाई गेलं. मला न्हाई बाबा कायबी वाटलं. ते पोरगं थंडीत उभं ऱ्हायलं आनि आमी जेवलो, त्येचं वाटलं. आनायचास की जेवाय. एक ताट वाढायला काय हुतंय? आता आन कवातरी. दोघं बी या."

दोघं बी या. माझ्या आख्ख्या आयुष्यात हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाई काही वाईट बोलली नव्हती. भ्यायला काही जागाच नव्हती, कळतंय का तुम्हाला? दार उघडून समोर ठेवलं होतं.

आणि मी म्हणालो, "न्हाई वो अक्का. खरंच गुजराती हुता. कोन की कुठला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

अभयला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मग तू काय म्हणालास?

त्याच आठवड्यात तो भेटला. बंगळुरूची नोकरी चालून आली होती, घेऊ की नको यात अडकला होता. पंचगंगेच्या घाटावर बसलो होतो. त्याला जायचं नव्हतं, हे मला दिसत होतं; अडवायला काहीतरी कारण शोधत होता. म्हणाला, "मी काय फार मागत न्हाई. ह्या आख्ख्या जिल्ह्यात मला एक घर सांग, जितं आपन दोघं जोडीनं जेवाय जाऊ शकतो. एक. तू सांग, मी ऱ्हातो."

मी विचार केल्यासारखं केलं. विचार कसला? घर माहीत होतं. रस्ता माहीत होता. बोलावणं माझ्या खिशात होतं. पण आहे म्हटलं असतं तर त्याला घेऊन जावं लागलं असतं.

"एक बी न्हाई," म्हणालो.

त्यानं मान हलवली. जणू त्याला हे आधीच ठाऊक होतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. महिन्याभरात गेला. तो असं समजून गेला की आपल्या मुलखात आपल्याला कुणी ताट वाढणार नाही, आणि आजही तसंच समजून आहे.

सुमनअक्का ठणठणीत आहेत. मी परवाच कागलला त्यांच्याकडं जेवून आलो.