अवसेला बंद पडणारा इन्व्हर्टर

सोलापुरात सोलर बसवणारे ढीगभर, त्यात बाई म्हणाल तर आमची दिपाली. हा धंदा तिच्या नवऱ्याचा, जोतिरामचा. तो अपघातात गेला तेव्हा सासरचे म्हणाले, आता घरी बस. ती कुठली बसतीय! त्याची हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून शिड्या चढायला लागली. लोक टकामका बघायचे. बघू देत की! गच्चीवर चढायला काय कपाळाला कुंकू लागतं?

यंत्रमागांच्या गल्लीत शंकरप्पांच्या गच्चीवर तिनं सोलर बसवलं. काम बघून शेजारच्या चार घरांनीही तिलाच बोलावलं. सगळं झकास चाललं होतं. आणि एका अवसेला, भर दुपारी, रखरखत्या उन्हात शंकरप्पांचा इन्व्हर्टर बंद! दुसऱ्या दिवशी दिपाली धावत आली, तर यंत्र आपलं गुमान चालू. पुढच्या अवसेला पुन्हा तेच. मग काय, गल्लीला चघळायला विषयच मिळाला. विधवेचा हात लागलाय, दुसरं काय होणार!

शंकरप्पांनी निरोप धाडला, "या अवसेला सोता समोर हुबी ऱ्हा. बंद पडलं तर समदं उतरवून ने."

या गल्लीनं उतरवलं, तर शहरात तिला दारात कोण उभं करणार? तरी दिपाली मनात हसली. अवस कसली नि यंत्र कसलं!

त्या दुपारी ती गच्चीवर इन्व्हर्टरसमोर उभी राहिली. मागं शंकरप्पा, हातात नारळ. जिन्यात त्यांची बायको महानंदा. यंत्राचा हिरवा दिवा बघता बघता तांबडा झाला. बंद! तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरनं आरोळी आली, "आमचंबी गेलं!" मग पलीकडची. खोटं कशाला सांगू, त्या घडीला दिपालीलाही वाटलं, माझ्याच हातात काही आहे की काय.

"म्हनलं न्हवतं? सरक बाजूला," शंकरप्पा म्हणाले. "तुझ्या हाताचं जे काय यंत्राला लागलंय, ते नारळानं उतरवतो."

म्हणजे नारळ आपलीच बाधा उतरवायला आणलाय! दिपाली सुन्न झाली. आणि तिला एकदम जाणवलं, की गल्ली शांत आहे. रोज या गल्लीत शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

"माग का बंद हायेत?"

"अवसेला आमच्यात माग चालत न्हाय. आज्यापासनं."

तिनं घाईघाईनं मीटर लावला. व्होल्टेज पार चढून बसलेलं.

"अवो शंकरप्पा, रोज तुमचे माग वीज खात्यात. आज खायाला कुनी न्हाय, आन पाच गच्च्या लाईनीत वीज ढकलत्यात. मग व्होल्टेज चढतं आन यंत्र जळू नये म्हनून आपनहून बंद व्हतं. बिघडलं न्हाय ते, शहानं हाय!"

"मग अवसेला माग चालवू? मेलो तरी न्हाय!"

"मागाला रिवाज हाय," महानंदा जिन्यातनं म्हणाली. "पान्याच्या मोटरीला कुटं हाय?"

आणि खाली जाऊन तिनं गल्लीभर हाळी दिली. मोटरी, गिझर, इस्त्र्या, मिक्सर, असेल ते लावा! गल्ली घुरघुरायला लागली. यंत्र आधी लाईन तपासतं, मगच जोडून घेतं. तेवढा वेळ दिपालीचा जीव टांगणीला. मग हिरवा दिवा लागला.

शंकरप्पांनी वाकून दिवा नीट बघितला.

"लाईटवाल्यांकडनं डीपीचं व्होल्टेज तपासून घेऊ," दिपाली म्हणाली. "आन यंत्र एकदम बंद न पडता हळूहळू वीज कमी करंल, असं लावून देते."

महानंदा वर आली. नवऱ्याच्या हातातला नारळ तिनं काढून घेतला, आणि दिपालीला समोर उभं करून तिच्यावरून ओवाळायला लागली.

"आगं, ह्ये काय करतीस?" शंकरप्पा म्हणाले.

"दृष्ट काढती. आपल्या गल्लीची लागलीया पोरीला."

जोतिराम गेल्यापासून दिपालीवरून कुणी काही ओवाळलं नव्हतं. ती तिथंच गच्चीवर मटकन बसली आणि ढसाढसा रडली.