लाल गाडी कुणाला आवडली

मी कमी बोलतो. नातेवाइकांत माझी तशी ख्यातीच आहे. शांत माणूस, पोटात काही नाही, असं म्हणतात. पोटात काय काय आहे ते माझं मला ठाऊक. जो दिवसभर बोलतो त्याचं खोटं लगेच सापडतं, कारण संध्याकाळपर्यंत तो दुसरंच काही बोलून बसतो. न बोलणाऱ्याचं तसं नसतं. तो दोन शब्द बोलला की लोकांना वाटतं, एवढ्या कष्टानं तोंड उघडलं म्हणजे खरंच असणार. माझी दोन खोटी अशीच खपली. दोन्ही एकाच दिवशीची, एकाच गाडीबद्दलची, आणि लांबीला एक-दोन वाक्यांची. आज ती सांगून टाकतो.

लातूरला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. बायको चाकूरच्या एका शाळेत शिकवते. वीसेक वर्षं तिनं हा रस्ता एसटीनं केला. घरात सात सीटची एक मोठी गाडी आहे, पण ती सकाळपासून दुकानाच्या मालात अडकलेली. शेवटी गेल्या वर्षी बायकोनं क्लास लावला, लायसन्स काढलं आणि म्हणाली, "आता मला एक छोटी गाडी घ्या. जुनी चालेल." मास्तरीण असल्यामुळे तिनं अटी कागदावर लिहून दिल्या. सीट उंच हवी, कारण उजवा गुडघा दुखतो. क्लच-ब्रेक हलके हवेत. मागे दोन मॅडम नीट बसल्या पाहिजेत, त्या रोज सोबत येणार. रंग कोणताही चालेल, फक्त लाल नको. शाळेसमोर बरं दिसत नाही.

कागद मी घडी करून खिशात ठेवला. माझ्या मनात काय होतं ते मात्र कोणत्याच कागदावर नव्हतं. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. त्या वेळी मी काउंटरखाली मोबाईल धरून गाड्यांचे व्हिडिओ बघायचो. छोट्या, जमिनीला टेकलेल्या, रुंद टायरच्या, नुसतं सुरू केलं तरी गुरगुरणाऱ्या. कुणी आलं की आवाज बंद करायचो. बावन्न वर्षांचा माणूस, कंबरदुखीसाठी पट्टा बांधणारा, असलं बघतो हे कुणाला कळावं असं वाटत नव्हतं. कळलं असतं तर बायको हसली असती, एवढंच. पण मला तेवढंही नको होतं.

नांदेडला एकाकडे जुन्या गाड्या बऱ्याच असतात असं समजलं. जायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली, "आप्पांना घेऊन जा." आप्पा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे; मी त्यांना मामा म्हणतो. उदगीरकडच्या गावात राहतात, पंचाहत्तरी गाठलेली. चाळीस वर्षं त्यांनी बैलबाजारात दलाली केली. चार पायांचं असो की चार चाकांचं, त्यांनी पाहिल्याशिवाय त्या घरात काही विकत घेतलं जात नाही. ते परस्पर एसटीनं नांदेडला आले. कपाळाला भस्म, खांद्यावर टॉवेल. मी "शरणार्थ मामा" म्हणालो, ते "शरणार्थ" म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास आम्ही दोघंही गप्प. आमचं तसं जमतं.

तिथं एक पांढरी गाडी होती. कागदातली एकेक अट जणू तिच्याकडे बघूनच लिहिलेली. मामा आत बसलेच नाहीत. मला म्हणाले, "जावाईबापू, तुम्ही चालवा, मी मागून बघतो. चाल मागूनच कळती." मी फेरी मारून आलो. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, तेलाचा वास घेतला, दार चार वेळा उघडलं-मिटलं. मग म्हणाले, "गरीब हाय. खोड न्हाई. पोरीला झेपंल."

सौदा तिथंच व्हायचा. पण पांढरीच्या पलीकडे लाल उभी होती.

मालक हुशार. त्यानं माझी नजर पकडली. "साब, इसको एक बार सुनो तो," म्हणत त्यानं चावी फिरवली. व्हिडिओत आवाज येतो तो बारीक स्पीकरमधून. इथं तो पायांतून वर आला. काळ्या सीटांना लाल दोऱ्याची शिवण होती. सीट एवढी खाली की बसणं म्हणजे जवळजवळ आडवं होणंच. मागची सीट होती, असं म्हणता येईल.

मामा म्हणाले, "ही कुनासाठी? पळवून न्यायला?"

"अप्पाजी, हिरनी है हिरनी!"

"हिरनी काय करायची? आमच्या लेकीला शाळंला जायाचंय."

आणि मी तोंड उघडलं. म्हणालो, "मामा, तिला हीच आवडलीय. फोटो बघितलाय तिनं."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "लाल?"

"हो."

"ल्हानपनी लाल रिबीन लावली की रडायची."

माझं न बोलणं इथंही कामाला आलं. मामा गाडीकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहराच बदलला. "बरं हाय की," ते म्हणाले. "जन्मभर पोरीनं सवताचं म्हनून काई मागितलं न्हाई. आता मागून राहिली तर देऊ." मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी मालकापुढे धरला.

मालक हसला. त्याचा बापही जनावरांच्या बाजारातलाच निघाला. दोघांनी टॉवेलाखाली एकमेकांचा हात धरला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. आकडा त्या दोन हातांनाच ठाऊक. वरून चेहरे अगदी कोरे, जणू दोघं एसटीची वाट बघत आहेत. मालकानं दोनदा हात ओढून घेतला, मामांनी दोनदा परत धरला. माझ्यासाठी त्यांनी कधी एवढी खटपट केली नसती. लेकीसाठी करत होते. शेवटी टॉवेल झटकून म्हणाले, "दिला हात. आता माघार न्हाई." आणि खिशातली भस्माची डबी काढून लाल बोनेटवर तीन बोटं ओढली.

मला त्या वेळी जे झालं तो आनंद होता की भीती, ते मला रस्त्याला लागेपर्यंत कळलं नाही. अहमदपूरच्या स्टँडवर मामा उतरले, तोपर्यंत मी जपूनच चालवली. म्हशीची धार दुसऱ्या कुणाच्या हाताला येत नाही म्हणून त्यांना गावी जायचंच होतं. तिथून लातूरपर्यंत मी एकटा. त्या एक-दीड तासाबद्दल काही लिहीत नाही. लिहिलं तर पश्चात्ताप खरा वाटणार नाही.

बायको फाटकात उभी होती. "ही?"

"मामांना आवडली. टॉवेलाखाली हात दिला त्यांनी. मी काय बोलणार?"

"आप्पांनी हात दिला?"

"दिला."

विषय संपला. त्या घरात वाढलेली ती. टॉवेलाखाली दिलेला हात मागे घेतला तर दलालाचं नाव जातं, हे तिला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं. तिनं वडिलांना फोन लावला. "आप्पा, गाडी एकदम मस्त." तिकडून आवाज आला, "मग? असनारच!" बाप लेकीच्या आवडीवर खूश, लेक बापाचं मन राखून खूश. मी मध्ये बसून शेंगा खात होतो.

पुढचे दोन महिने तिनं ती गाडी चालवली. चाकूरच्या रस्त्यावरचा एकेक गतिरोधक गाडीच्या पोटाला घासून जायचा. मागच्या सीटवरून उतरणं हा तर एक कार्यक्रमच झाला होता. दोघींतल्या मोठ्या मॅडम आधी पिशवी बाहेर द्यायच्या, मग एक पाय, मग "मॅडम, हात द्या, हात द्या," आणि मग उरलेल्या मोठ्या मॅडम. पोरं प्रार्थनेच्या आधी फाटकाशी गोळा व्हायची. हेडमास्तर एकदा काठी घेऊन बाहेर आले. त्यांना वाटलं, कॉलेजची पोरं मोटारसायकली घुमवून राहिलीत. मोठ्या मॅडमनी एकदा विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी निवडली का हो?" बायको म्हणाली, "छे, ते बिचारे काहीच बोलत नाहीत. आमच्या आप्पांची आवड." हे तिनंच घरी येऊन हसत सांगितलं.

संध्याकाळी ती पाय लांब करून बसायची. मी तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून गुडघ्याला शेक द्यायचो. ती म्हणायची, "किती करता हो माझं." रविवारी मी "पेट्रोल भरून आणतो" म्हणून गाडी काढायचो आणि दोन तासांनी यायचो. लातुरात पेट्रोल भरायला दोन तास लागतात यावर तिनं एकदाही शंका घेतली नाही. घेतली असती तर बरं झालं असतं.

मग एका शनिवारी शाळेतून आल्यावर तिनं चावी माझ्यासमोर ठेवली. "सोमवारपासून मी एसटीनं जाते. गुडघा ऐकत नाही. गाडी तुम्ही वापरा. फक्त आप्पांना कळू देऊ नका, त्यांना फार लागेल. त्यांचा फोन आला की म्हणायचं, रोज नेते. शपथ घ्या."

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं चावीसकट समोर आलं होतं. वर खोटं बोलायची परवानगी. नव्हे, विनंती. मी चावीकडे हात नेला, आणि तो काही पुढे जाईना.

"मामांना नव्हती आवडली," मी म्हणालो.

"काय?"

"ही गाडी. त्यांना पांढरी आवडली होती. उंच सीटची."

"मग ही कुणाला आवडली?"

"मला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आप्पांना काय सांगितलं?"

"तुला आवडली म्हणून."

"लाल?"

"हो."

"आणि माझा कागद?"

"खिशात होता."

गप्प राहायची सवय मला, तिला नव्हे. तिचं गप्प राहणं मला सोसेना. मग एकदम म्हणाली, "अहो, रोज मीठ गरम करून देत होतात! तेव्हा नाही फुटलं तोंड? मी तर देवाला सांगत होते, नवरा असावा तर असा!" आणि उठून आत गेली. आतून आवाज आला, "आप्पांना तुम्ही जाऊन सांगायचं. फोनवर नाही. त्याच गाडीनं जायचं."

रविवारी सकाळी निघालो. मोकळा रस्ता, गार हवा, हातात ती गाडी. व्हिडिओत असतं तसंच सगळं. आणि मी इतका हळू चाललो होतो की उसाच्या ट्रॅक्टरनं मला मागे टाकलं. वरच्या माणसानं वाकून विचारलं, "साहेब, बंद पडली का?"

मामा अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. एवढं सलग मी लग्नानंतर प्रथमच बोललो असेन. ते शेंगा फोडत राहिले. सूप भरलं तेव्हा म्हणाले, "म्हंजे तिकडं पोरीचा गुडगा ठनकून राहिला, अन् मी इकडं गावभर सांगून राहिलो, माझ्या लेकीनं हिरनी निवडली म्हनून."

"चुकलं मामा."

"टावेलाखाली हात माझा व्हता. तोंड तुमचं व्हतं. हात खरा निगाला." 'जावाईबापू' हा शब्द त्यात नव्हता. मग त्यांनी टोपी घातली, संध्याकाळच्या धारेपर्यंत म्हशीकडे बघायला शेजारणीला सांगितलं आणि गाडीकडे निघाले. "चला लातूरला. माझा हात हाय म्हनून पोरगी ही गाडी इकनार न्हाई. तिला माझ्या तोंडानं सांगतो, इक म्हनून. अन् पांढरी आता मी अन् ती दोघं बघू. तुमी दुकान सांबाळा."

त्यांना याही वेळी आत बसायला वेळ लागला. आधी टोपी छताला लागली, मग गुडघे समोर अडकले. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर म्हणाले, "असंच चालविता का नेहमी?"

"नाही."

"मग पळवा की. इकायचीच हाय. पर इकायच्या आदी बघू तरी, कशापायी येवढं खोटं बोललात."

पुढे रस्ता सरळ होता. मी गिअर टाकला आणि पाय दाबला. ती गुरगुर पुन्हा पायांतून वर आली, बाभळी भराभर मागे गेल्या, ट्रॅक्टर दिसला आणि दिसेनासा झाला. मामांनी एका हातानं टोपी धरली, दुसऱ्या हातानं दाराची मूठ. मी चोरून त्यांच्याकडे बघितलं. बाजारात असतो तसा चेहरा कोरा.

वळण आलं, मी वेग कमी केला.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

"येवढ्यासाठी?"

मी होय म्हणालो. दुसरं काही नव्हतंच सांगायला. त्यांनी मान हलवली आणि लातूर येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले. फक्त नळेगावच्या पुढे पुन्हा सरळ रस्ता लागला तेव्हा मी काही म्हणायच्या आधीच त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.