एका छपराखाली साडेचार माणसं

माझी ताई भित्री. लहानपणी जिन्यातला दिवा गेला की ती खालच्या पायरीवरच बसून राहायची आणि मी, तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी, तिला हाताला धरून वर आणायचे. अशा बाईने जन्मभर संकटं मोजायची नोकरी करावी, याचं मला कायम हसू यायचं.

नोकरी नदीच्या कार्यालयात. दर दहा वर्षांनी विमानातून काठाचे फोटो काढले जात. त्यावर एक निळी रेघ मारलेली असे. मोठा पूर आला तर पाणी तिथवर येणार. ताई भिंग लावून रेघेच्या आतलं एकेक छप्पर हुडकायची आणि त्यावर पेनाने टिंब द्यायची. एका टिंबामागे माणसं साडेचार, असा तिथला ठरलेला हिशेब. त्यावरून कळायचं, पुराच्या वाटेत पूर्वी किती लोक राहत होते आणि आता किती राहतात. जिथे वाढले तिथे भोंगा, होड्या, दोर. जिथे घटले तिथला भोंगा काढून दुसरीकडे. बावीस वर्षं तिने हेच केलं, पण त्या काठावर एकदाही पाऊल टाकलं नाही. "मला वरूनच बरं वाटतं," म्हणायची. कार्यालयात तिला टिंबबाई म्हणत. घरी मीही तेच म्हणायचे आणि ती चिडायची.

नदीच्या वळणावर पहिल्या फोटोत नऊ छपरं होती. दुसऱ्यात एकवीस, तिसऱ्यात अडतीस. चौथा फोटो आला आणि तिथे एकच लांबलचक राखाडी छप्पर दिसलं. ताईने इमानेइतबारे एक टिंब दिलं. साडेचारचे पाच केले. साहेब खूश झाले. एकशे एकाहत्तर माणसांची पाच झाली, वळणावरचा धोका ओसरला, असं अहवालात लिहिलं गेलं. वळणावरचा भोंगा उचलून टेकडीपलीकडच्या नव्या वस्तीत लावला.

त्या राखाडी छपराखाली पुढे मी कामाला लागले.

कारखाना खोक्यांचा. पुठ्ठा कापायची यंत्रं अशी धडधडायची की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानात ओरडावं लागे. फोन आत न्यायचे नाहीत. नदीकडच्या फाटकाशी लॉकर होते, तिथे फोन ठेवायचा आणि पितळी बिल्ला घ्यायचा. लॉकरवर एक काका बसत. कंपनीच्या जुन्या कारखान्यापासून यंत्रांवर तीस वर्षं काढून कान गेलेले, रिटायर झालेले, पण घरी करमत नाही म्हणून रोज यायचे. "बिल्ला नसेल तर मी माझ्या बायकोलाही ओळखत नाही," असं ते प्रत्येक नव्या मुलीला ऐकवत. मलाही ऐकवलं होतं.

मी रोज घरी येऊन कुरकुरायचे. छतावर वाऱ्याने फिरणारे सात पंखे आहेत, त्यातला तिसरा अडकलाय आणि नेमका माझ्या टेबलावर गळतो, वगैरे. ताई "हं" म्हणून भाजी चिरत राहायची. मी कंपनीच्या बसने जायचे. कारखाना नेमका कुठे, हे तिने कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराला वरच्या धरणावरून कार्यालयात फोन आला. पाणी सोडतोय, तासाभरात पोचेल. ताईने सवयीप्रमाणे फोटो पसरले आणि रेघेच्या आतली छपरं वाचून दाखवायला लागली. वळणावर आली तेव्हा भिंगाखाली छपरावर सात गोल सावल्या दिसल्या, एका ओळीत.

"माझी बोबडीच वळली," असं ती नंतर म्हणाली. साहेबांना सांगायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. मला फोन केला. तो लॉकरमध्ये वाजत राहिला. मग ही बाई, जी भरलेल्या बादलीलाही वळसा घालून जाते, कार्यालयाबाहेर धावत सुटली. वरून तिला तो काठ तोंडपाठ होता. खाली उतरल्यावर एकही गल्ली ओळखेना. भिंती, दारं, दोऱ्यांवरचे कपडे, यातलं फोटोत काहीच नसतं. शेवटी पाण्याची गोल टाकी दिसली, तिच्यावरून दिशा लागली. गटारांतून पाणी उलटं वर येत होतं. चपला केव्हा गेल्या ते तिला कळलं नाही.

फाटकाशी काकांनी हात आडवा केला. "बिल्ला?"

"काका, पाणी येतंय! निघा!"

काकांनी कानामागे हात धरला. ती त्यांना ढकलून आत शिरली.

मी मान वर केली तर दारात ताई. अनवाणी, केस सुटलेले. मला वाटलं, घरी कोणीतरी गेलं. ती सुपरवायझरच्या कानाशी ओरडत होती. "ह्या छपराखाली पाच माणसं आहेत असं मी लिहिलंय! माझं चुकलंय!"

सुपरवायझर हसला. "बाई, इथे तीनशेच्या वर आहेत. तुम्ही आधी बसा, पाणी प्या."

मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं कशाला सांगू, मला तिचा भयंकर राग आला. मी उठले, तिचा दंड धरला आणि म्हणाले, "घरी चल." तिने मला झिडकारलं. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीवरच्या मोठ्या खटक्याला ती दोन्ही हातांनी लोंबकळली आणि तो खाली आला.

सगळी यंत्रं थांबली. त्या शांततेत दोन आवाज ऐकू आले. टेकडीपलीकडून भोंगा, अगदी बारीक, कोण जाणे केव्हापासून वाजत असलेला. आणि पायांखालून, फरशीच्या खालून, खळखळ.

मग कोणी कोणाला विचारलं नाही. मागचं दार टेकडीकडे उघडायचं, तिकडे सगळे धावले. मी ताईचा हात धरला होता की तिने माझा, आठवत नाही. वर पोचून वळून पाहिलं तेव्हा ते सात पंखे पाण्यावर दिसत होते. तिसरा पंखा फिरत होता.

सुपरवायझरने छातीशी धरून आणलेलं हजेरीचं रजिस्टर उघडलं. एकेक नाव घेतलं. तीनशे बारा नावं, तीनशे बारा "हजर". लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडायला लागले. ताई मटकन खाली बसली आणि म्हणाली, "सगळे आले गं. सगळे आले."

घरी कळवावं म्हणून मी फोनसाठी खिशात हात घातला. हाताला बिल्ला लागला.

मी ताईकडे पाहिलं. बिल्ला तिच्यासमोर धरला. ती उतारावरून खाली निघाली, तेव्हा आम्ही चौघींनी तिला धरून ठेवलं. "त्यांना ऐकू आलं नाही," एवढंच ती म्हणत राहिली.

काका तिसऱ्या दिवशी सापडले. लॉकरच्या किल्ल्या कमरेलाच होत्या.

पुढे तिने वळणाची मोजणी पुन्हा केली. छपरावर एकेक टिंब देत बसली, छप्पर काळं होईपर्यंत. त्या वर्षाच्या रकान्यात तीनशे तेरा लिहिलं. साहेबांनी त्याला लाल गोल करून शेरा मारला: रजिस्टरप्रमाणे तीनशे बारा, दुरुस्त करावे.

बावीस वर्षांत ताई साहेबांना कधी उलटून बोलली नव्हती. तिने शेऱ्याखाली लिहिलं, "रजिस्टर चुकलंय," आणि खाली सही केली.