उजव्या सीटवरचा माणूस

ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही, असं गेल्या महिन्यापर्यंत म्हणता आलं असतं. बायकोला नाही, मुलांना नाही, गॅरेजात रोज माझ्यासोबत चहा पिणाऱ्यांना नाही. गेल्या महिन्यात ती एका माणसाला सांगितली — ज्याला पहिल्याच दिवशी सांगायला हवी होती त्याला. तेव्हापासून मी नीट जेवतो आहे. म्हणून आता तुम्हालाही सांगतो. फक्त मी मध्येच गाडीच्या कागदांवर घसरलो तर थोडं सहन करा. त्या कागदांबद्दल बोलताना मला फार बरं वाटतं. त्यांत एक अक्षरही खोटं नाही.

मी मुरबाडचा. सात वर्षं मस्कतला एका गॅरेजात काम केलं. गेलो तेव्हा हातात पाना होता, परत आलो तेव्हा गाडी होती — पांढरी, जपानी, आतून गार होणारी. नव्वदच्या दशकाची नुकती सुरुवात होती. तेव्हा नियम असा होता की परदेशात राहिलेला माणूस कायमचा घरी येत असेल, तर स्वतःच्या नावावरची, स्वतः वापरलेली एक गाडी त्याला आणता येई. जकात भरायची, आणि दोन वर्षं ती विकायची नाही. मी गाडी आधी नावावर करून घेतली, वर्षभर तिथे चालवली, प्रत्येक पावती जपली. मुंबईच्या गोदीत एका एजंटाने सुचवलं, की तारखा जरा इकडच्या तिकडे केल्या तर काम लवकर होईल. मी त्याला तिथेच झापला. जकातीसाठी गाडीची किंमत जास्त धरली म्हणून तीन दिवस त्या साहेबाशी भांडलो, झिजलेले टायर दाखवले, दरवाजावरचा पोचा दाखवला, आणि किंमत खाली आणूनच बाहेर पडलो. ठाण्याला नंबर घेतला. मागच्या काचेखाली लाल अक्षरांत 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' लिहून घेतलं, कारण स्टिअरिंग डाव्या बाजूला. तेव्हा ते चालत होतं.

आणि मुरबाडात पहिल्याच दिवशी लोकांनी काय विचारावं? "कुठून उचलली?"

हा माझा सल. तेव्हाही होता, आजही पूर्ण गेलेला नाही. आयुष्यात एक मोठी गोष्ट मी सरळ मार्गाने केली आणि अख्ख्या तालुक्याने ती दोन नंबरची ठरवली. निळ्या प्लास्टिकच्या फायलीत सगळे कागद घालून मी गाडीतच ठेवायचो. हवालदाराला दाखवायचो, पानवाल्याला दाखवायचो, न विचारणाऱ्यालाही दाखवायचो. लोक फाईल बघायचे, मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे.

पाहा — आलोच मी कागदांवर. काळूरामकडे वळतो.

काळूराम माझा मावसभाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सरळगावच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचं घर आणि थोडं भातशेत. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि मावशीने मला काळूरामच्या आधी जेवायला वाढलं, हे मी विसरलेलो नाही. तेही सांगून ठेवतो.

आता हे समजून घ्या. आपण चालतो रस्त्याच्या डाव्या अंगाने. स्टिअरिंगही डावीकडे असलं, की चालवणारा बसतो पार कडेला, झाडाझुडपांशी. पुढे जीप असेल तर तिच्या पलीकडचं काहीच दिसत नाही. ओव्हरटेक करायचं तर उजव्या सीटवर डोळे असलेला माणूस हवा. माझा तो माणूस काळूराम. तो काचेला गाल लावून पुढे बघायचा. रस्ता मोकळा असेल तर "सोड" म्हणायचा, नसेल तर "थांब". बस, एवढंच. आणि तो कधी चुकला नाही. माळशेज घाटातल्या धुक्यातही नाही. मी त्याला म्हणायचो की गाडी शिकवतो तुला, पुढे स्वतःची जीप घे. त्याला ते खरं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

त्या दिवशी आम्ही तिघं शहापूरहून परत येत होतो. मावशीचं माहेर डोळखांबच्या वर, एका पाड्यात. तिला एकदा या गाडीतून माहेरी जायचं होतं. दोन दिवस राहून आम्ही निघालो, शहापुरात काही सामान घेतलं. मावशी मागच्या सीटवर. गार हवा लावली तर म्हणाली, "बंद कर रे मधू, हिवाळा माझ्या घरीच हाय."

शहापूरच्या स्टँडवर भगवान भेटला. शहापूर-मुरबाड वडाप जीप चालवायचा. मला बघितलं की त्याच्या जिभेला खाज सुटायची. त्या दिवशी जीपमध्ये पंधराएक माणसं कोंबलेली, मावशी माझ्या शेजारी उभी, आणि त्याने विचारलं, "शेठ, ही गाडी चालवतो कोण? तू का काळूराम?"

सगळे हसले. मावशीही हसली. माझ्या कानात ते हसू किन्हवलीपर्यंत होतं.

किन्हवलीला चहा घेऊन निघालो, तर भगवानची जीप आमच्यापुढे लागली. त्याने आरशात मला पाहिलं आणि मुद्दाम वेग कमी केला. हात बाहेर काढून हवेतच डाव्या बाजूचं स्टिअरिंग फिरवून दाखवलं. मागच्या दाराला लटकलेली माणसं दात काढत होती. मी हॉर्न दाबून धरला. मावशीला मागे डुलकी लागली होती. काळूराम काचेला गाल लावून बसला होता.

तो म्हणाला, "थांब दादा. यष्टी हाय समोर."

मी नीट ऐकलं. हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही, त्याचा आवाज बारीक होता, असलं काही मी सांगणार नाही. तो पुन्हा म्हणाला, "थांब." आणि मी गाडी बाहेर काढली.

का? गाडी कोण चालवतो ते दाखवायला. दुसरं काहीही कारण नव्हतं.

एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून आम्ही वाचलो. उजवी बाजू आत गेली — काळूरामची बाजू. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला आणि डोकं फुटलं. मावशी मागून पुढे फेकली गेली, तिचं खुब्याचं हाड गेलं. मला? मला हाताला खरचटलं. माझ्या बाजूला नुसती झुडपं होती.

आता खरं ते. आतापर्यंतचं तसं कुणाच्याही हातून होतं, तुम्ही म्हणाल.

कल्याणच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी काळूराम नीट बोलायला लागला. त्याला शहापूर आठवत होतं, किन्हवलीचा चहा आठवत होता, त्यापुढचं काही नाही. पलीकडच्या वॉर्डात मावशी कण्हत होती आणि तिचा आवाज इकडे येत होता. मी स्टुलावर बसलो होतो. त्याने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "दादा, मी काय बोललो रे तवा?"

थोडा वेळ होता माझ्याजवळ. घाईत तोंडातून गेलं, असंही नाही. माझ्या मनात आलं — बाहेर सगळे नातेवाईक बसलेत, मुरबाडला भगवान बसलाय, सगळे म्हणणार, आणली ना विलायती गाडी, घाल आता चुलीत. मनात आलं, याला काहीच आठवत नाही. सौद्यात समोरच्याला माल माहीत नाही हे कळलं, की जे मनात येतं, ते मनात आलं.

मी म्हणालो, "तू सोड म्हणालास."

त्याने माझं मनगट सोडलं. भिंतीकडे तोंड केलं.

पोलिसांनी दोष माझ्यावरच ठेवला. चाक माझ्या हातात होतं. मी दंड भरला, आणि मग अनेक वर्षं लोकांना सांगत राहिलो की काळूरामच्या एका शब्दापायी मी दंड भरला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडली. तिचा दरवाजा मिळेना, आणि दोन वर्षांच्या अटीमुळे विकता येईना. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ताडपत्री उचलून दाखवायचो आणि म्हणायचो, बघा, भावाने घालवली. किती वेळा म्हटलं असेन? मला पुढे पुढे ते खरंच वाटायचं. राग यायचा त्याचा. खोट्या गोष्टीचा असा खरा राग येऊ शकतो, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत आहे.

अजून एक आहे, तेही सांगतो. माझं गॅरेज ज्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर उभं आहे तो काळूरामचा होता. मी भाव पाडून बोललो. त्याने मान खाली घालून होकार दिला. कुणाशीही भाव करताना मला समोरच्याची घासाघीस लागते, त्याशिवाय मजा येत नाही. त्या दिवशी त्याने एक शब्द काढला नाही आणि का काढला नाही ते मला ठाऊक होतं. मी सही घेतली.

मावशी परत सरळ चालली नाही. भिंत धरून चुलीपर्यंत यायची, तेवढंच. काळूराम तिला उचलून अंगणात बसवायचा. तो पुन्हा कुठल्याही गाडीत पुढे बसला नाही, जीप शिकायचं नाव काढलं नाही. आणि त्याला एक सवय लागली. लोक तिला त्याचं वेड समजत. रस्ता ओलांडताना तो स्वतः बघत नसे. कडेला उभा राहून कुणालातरी विचारायचा — "येतंय काय?" कुणी नाही म्हटलं की मग जायचा. पंधराएक वर्षं मी गॅरेजच्या दारातून हे पाहिलं. इतरांबरोबर हसलोही.

गेल्या वर्षी मावशी गेली. मी रडलो, जेवणावळीला पुढे होतो, सगळं रीतसर. तेव्हाही बोललो नाही.

गेल्या महिन्यात काळूराम गॅरेजसमोर उभा होता. सिद्धगडाकडून येणारी एक ठाकरीण डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन त्याच्या शेजारी थांबली. मोळी एवढी मोठी, की तिला मान वळवता येत नव्हती. आणि काळूरामने तिला विचारलं, "बाय, येतंय काय गो?"

ती म्हणाली, "काळूदादा, तुजी मान मोकली हाय. मीच तुला इचारणार व्हते."

आजूबाजूचे खूप हसले. काळूरामही हसला, ओशाळून. आणि मला हसता आलं नाही. मान मोकळी असलेला माणूस मान अडकलेल्या बाईला विचारतो आहे, आणि ते मी केलं आहे. इतक्या वर्षांत ते इतकं साधं मला कधी दिसलं नव्हतं. मी त्याला हाक मारली. गॅरेजमागे जुन्या टायरांवर आम्ही बसलो. मी उभ्या आयुष्यात बोलायला कमी पडलेलो नाही, पण तेव्हा चार वाक्यांना किती वेळ लागला ते विचारू नका. सगळं सांगितलं. भगवान, हॉर्न, दवाखाना, जागा. जागेचं तो म्हणेल ते, मी भाव करणार नाही, हेही सांगितलं.

तो आपल्या वाकड्या पायाकडे बघत राहिला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं.

मग म्हणाला, "म्हंजे यष्टी मला दिसली व्हती."

मी हो म्हटलं.

"मी आधी बोललो, का नंतर?"

"आधी. दोनदा बोललास."

"दोनदा," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आयच्या पायाला तेल लावताना रोज माफी मागली मी. ती बोलायची, असू दे रे, चुकतं मानसाचं."

एवढंच. जागेबद्दल काही बोलला नाही. मी काही मागितलं नाही, आताही मागत नाही. तो उठला आणि लंगडत रस्त्याकडे गेला. मी दारात येऊन उभा राहिलो. अंग हलकं झालं होतं. त्याचं सगळं ऐकूनही हलकं वाटत होतं, हे लपवत नाही.

कडेला दोघंतिघं उभे होते. त्यांतल्या एकाने सवयीने म्हटलं, "जा काळूदादा, काय नाय."

काळूराम गेला नाही. त्याने आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. सरळगावच्या वळणावर खूप लांब एक ट्रक होता. तो येईपर्यंत तीन माणसं ओलांडून गेली असती. काळूराम तो ट्रक पूर्ण जवळ येईपर्यंत बघत राहिला, समोरून जाऊ दिला, आणि मग एकटा पलीकडे गेला.