साडेपाच तास

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी हळूच टाळते. मग तुम्हालाच का सांगतेय? कुणास ठाऊक. ऐका म्हणजे झालं.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात माझी सगळी नोकरी गेली. कॉम्प्युटर सेक्शनमध्ये होते मी. पुण्याहून आले आणि टाउनशिपचीच होऊन बसले. खालच्या क्वार्टरमध्ये सक्सेनाजी राहायचे, आमच्याच ऑफिसात खरेदी विभागात बाबू. माझा भाऊ लांब, येणं जमायचं नाही. तर पहिल्याच दिवाळीत हा माणूस आपण होऊन पाटावर येऊन बसला. "सुनंदा बहन, हमें भी ओवाळ दो." ओवाळणं हा एवढा एक मराठी शब्द त्यांना येत होता. तेव्हापासून ते माझे भाईसाहब.

आता मुद्द्याचं. म्हणजे — येते मुद्द्यावर, जरा दमानं.

ऑफिसात इंटरनेट नवंनवं होतं. एक दिवस बाहेरच्या कुठल्याशा कंपनीची तक्रार आली : तुमच्याकडून आम्हाला स्पॅम येतोय, थांबवा. मर्दानगी वाढवायच्या गोळ्यांच्या जाहिराती हो, शेकड्यांनी! साहेब लालबुंद. म्हणाले, चोवीस तासांत माणूस शोधून द्या.

शोधणं तसं सोपं. मेलच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमध्ये, तो कुठून निघाला तो पत्ता असतो आणि वेळ असते. पण हा पत्ता आमच्या क्वार्टरसारखा — नंबर तोच, राहणारे बदलतात. एक मशीन बंद झालं की तोच पत्ता दुसऱ्याला मिळतो. म्हणून नुसता पत्ता बघून भागत नाही, त्या वेळी तिथे कोण राहत होतं ते बघावं लागतं. ती नोंद माझ्याकडे. मेलची वेळ होती अकरा चाळीस. मी नोंद काढली. अकरा चाळीसला तो पत्ता सक्सेनाजींच्या मशीनकडे होता.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण खोटं कशाला बोलू — आपण पकडलं याचा आनंदही झाला. मी रिपोर्टवर सही केली.

त्यांचं मशीन सील होऊन कपाटात गेलं. पुढच्याच महिन्यात होणारं प्रमोशन अडकलं. आणि टाउनशिपमध्ये तर काय, वाऱ्यासारखी बातमी. गोळ्यांवाले सक्सेनाजी! भाभी भजन मंडळात जायच्या बंद झाल्या.

चौथ्या दिवशी दुसरी तक्रार आली. त्याच गोळ्या, ताजी तारीख. आणि सक्सेनाजींचं मशीन कपाटात, कुलपात!

माझी पाचावर धारण बसली. हेडर पुन्हा वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. वेळेच्या पुढे चार शून्यं होती — म्हणजे ती वेळ ग्रिनिचची. आपली त्यापुढे साडेपाच तास. अकरा चाळीस नव्हेच, संध्याकाळचे पाच दहा. पाचच्या ठोक्याला सक्सेनाजी मशीन बंद करून घरी जायचे. मग पाच दहाला त्या पत्त्यावर कोण होतं?

मी होते.

धाकट्या बहिणीच्या लग्नाचं चाललं होतं, म्हणून पत्रिका जुळवायचा एक फुकटचा प्रोग्राम मी कुणाच्या तरी सीडीवरून माझ्या मशीनवर टाकला होता. आपोआप मेल सोडणारी व्हायरसची घाण त्यातूनच आलेली. आणि बाहेरची सीडी लावू नये, ही नोटीस भिंतीवर कोणाच्या सहीची? माझ्याच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

तेव्हा उठून साहेबांच्या केबिनमध्ये जायला किती पावलं लागली असती? वीस? मी नाही गेले. मशीन साफ केलं. दुसरी तक्रार पुसून टाकली, नोंदही पुसली. मेल थांबले, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

पण हे एवढंच असतं तर — नाही, अजून आहे.

त्याच आठवड्यात सक्सेनाजी वर आले. चहा घेतला नाही. म्हणाले, "बहन, तुम तो मशीन को समझती हो. क्या मशीन झूठ बोल सकती है?"

मला सगळं ठाऊक होतं तेव्हा. आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "नहीं भाईसाहब. मशीन झूठ नहीं बोलती."

भांडले असते तर मी सुटले असते हो. तोंड फिरवलं असतं तरी चाललं असतं. पण ते त्या दिवाळीतही आले, पाटावर बसले. दर वर्षी आले. बाबू म्हणूनच रिटायर झाले, बाग सेवनियाला राहायला गेले, तरी भाऊबीजेला हजर. मी ओवाळते, ते डोक्यावर हात ठेवतात. कुठे पळू? भाऊच नको म्हणून सांगू?

गेल्या भाऊबीजेला एक कागद घेऊन आले. पेन्शनच्या ऑफिसला मेल करायचा होता. मी म्हटलं, भाईसाहब, तुमच्या फोनवरूनच जातो, दाखवते. तर त्यांनी हात मागे घेतला. "ना बहन, तुम ही कर दो. मेरे हाथ से फिर कुछ उल्टा-सीधा चला जाएगा. उस बार भी मुझसे ही कुछ दब गया होगा."

इतकी वर्षं मी समजत होते, या माणसाला आपण निर्दोष आहोत हे तरी पक्कं ठाऊक आहे. तेवढंही मी त्यांच्याकडे ठेवलेलं नाही.

मी मेल लिहिला, पाठवला. "ठीक से गया ना?" त्यांनी विचारलं.

"गया," मी म्हणाले, आणि निरांजन लावलं.